ज्याने घडवले, तोच गाळ्यावर

अमेरिकेतील स्वतंत्र कारागिरांच्या जत्रांना वर्षातून दोनदा बहर येतो. पहिला उन्हाळ्याचा. जून ते सप्टेंबर या काळात उद्याने, वाहतुकीला बंद केलेले रस्ते आणि शाळांची मैदाने पांढऱ्या तंबूंच्या रांगांनी भरून जातात. दुसरा नोव्हेंबर-डिसेंबरचा, नाताळच्या खरेदीचा. थंडीमुळे तो छपराखाली भरतो: जुनी गोदामे, प्रदर्शनाची सभागृहे, चर्चमधील मोठ्या खोल्या. बहुतेक जत्रा शनिवार-रविवारच्या असतात. त्या दोन दिवसांत चाकावर घडवलेले मग, चांदीचे दागिने, खिळ्यांच्या छापयंत्रावर छापलेली शुभेच्छापत्रे, लोकरीच्या टोप्या, लाकडी चमचे, साबण आणि मेणबत्त्या एका ओळीत मांडलेल्या दिसतात. त्यांच्याच शेजारी पन्नास वर्षांपूर्वीची जीन्सची जाकिटे, रंगीत काचेची भांडी आणि कोणा आजीने शिवलेल्या गोधड्याही विकायला असतात.

साध्या बाजारापासून ही जत्रा वेगळी ठरते ती एका नियमामुळे. वस्तू ज्याने घडवली, त्यानेच गाळ्यावर उभे राहायचे. जुन्या वस्तूंच्या बाबतीत घडवणारा हयात असेलच असे नाही. तिथे ती वस्तू शोधून, पारखून, दुरुस्त करून आणणाऱ्याने उभे राहायचे. आयोजकांची सारी यंत्रणा, म्हणजे अर्ज, निवड, भाडे, तपासणी, या एका नियमाच्या रक्षणासाठी राबते. गेल्या वीस वर्षांत या जत्रांवर जी संकटे आली, त्यांतील बहुतेकांचा घावही याच नियमावर बसला आहे.

या जत्रांची मुळे महामंदीत सापडतात. न्यू हॅम्पशायर हे डोंगराळ, छोट्या शेतकऱ्यांचे राज्य. तिथल्या घराघरांतील विणकाम, सुतारकाम आणि टोपल्यांना गिऱ्हाईक मिळावे म्हणून स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ न्यू हॅम्पशायर क्राफ्ट्समेन’ने १९३३ मध्ये पहिली जत्रा भरवली. आज ती ऑगस्टमध्ये माउंट सुनापीच्या पायथ्याशी नऊ दिवस चालते आणि देशातील सर्वांत जुनी हस्तकला जत्रा म्हणून ओळखली जाते. दक्षिणेकडील अॅपलेशियन डोंगराळ भागात ‘सदर्न हायलँड क्राफ्ट गिल्ड’ ही संस्था १९३० मध्ये उभी राहिली आणि तिची जत्रा १९४८ मध्ये सुरू झाली. या दोन्ही ठिकाणी हेतू पोटापाण्याचा होता. शेतीच्या उत्पन्नाला जोड हवी होती आणि हातात कला होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असा कायदा १९४४ मध्ये झाला. त्याचा लाभ घेऊन कितीतरी तरुण विद्यापीठांच्या कला विभागांत कुंभारकाम, धातुकाम आणि विणकाम शिकले. हे नवे कारागीर वडिलोपार्जित धंद्यातून आलेले नव्हते. त्यांनी हा मार्ग आपणहून निवडला होता. त्यांच्या मागे खंबीरपणे उभी राहिलेली व्यक्ती म्हणजे आयलीन ऑस्बर्न वेब. या श्रीमंत घरच्या बाईंनी १९४० मध्ये न्यू यॉर्कमध्ये ‘अमेरिका हाउस’ हे हस्तकलेचे दुकान उघडले. पुढे ‘अमेरिकन क्राफ्ट कौन्सिल’ या नावाने प्रसिद्ध झालेली संस्था १९४३ मध्ये आकाराला आली, ती त्यांच्याच पुढाकाराने. या कौन्सिलने १९६६ मध्ये व्हरमाँटमधील स्टो या गावी जत्रा भरवली. १९७३ पासून ही जत्रा न्यू यॉर्क राज्यातील राइनबेकच्या मैदानावर भरू लागली. तिथे काही दिवस सामान्य गिऱ्हाइकांसाठी आणि काही दिवस फक्त दुकानदारांसाठी राखून ठेवलेले असत. दुकानदार नमुना पाहून घाऊक मागणी नोंदवत आणि कारागीर पुढचे कित्येक महिने त्या मागण्या पुरवत बसे. एका जत्रेवर वर्षाची बेगमी होऊ शकते, हे राइनबेकने दाखवून दिले.

या जुन्या जत्रा मात्र हळूहळू प्रौढ झाल्या. १९९० च्या दशकात तिथले गाळे नामवंत कारागिरांनी व्यापलेले होते, वस्तूंच्या किमती चढ्या होत्या आणि निवड समित्यांची अभिरुची ठरून गेलेली होती. जुने टी-शर्ट कापून पिशव्या शिवणारी, स्वतःच्या पुस्तिका झेरॉक्सवर छापणारी, पंक संगीताच्या वर्तुळात वाढलेली मुलेमुली तिथे बसणारी नव्हती. ‘स्वतः करा’ हा त्या वर्तुळाचा मंत्र. बँड स्वतःचा, ध्वनिफीत स्वतःची, तिचे वेष्टनही स्वतः छापलेले. तोच बाणा कपड्यांत, दागिन्यांत, घरगुती वस्तूंत उतरायला वेळ लागला नाही. त्याच सुमारास तरुण स्त्रियांनी विणकाम आणि भरतकाम नव्याने हाती घेतले. आधीच्या पिढीतील अनेक स्त्रीवाद्यांना या कामांत घरकोंडीचे चिन्ह दिसत होते. नव्या पिढीचे म्हणणे वेगळे होते: बायकांचे काम म्हणून ज्याला कमी लेखले गेले, त्याला मान द्यायचा तर ते टाकून कसे चालेल? ‘बस्ट’ या स्त्रीवादी मासिकाच्या संपादक डेबी स्टोलर यांचे विणकामाचे पुस्तक २००३ मध्ये आले आणि गावोगावी कॉफीच्या दुकानांत सुया घेऊन बसणारी मंडळे दिसू लागली.

त्याच वर्षी शिकागोत ‘रेनिगेड क्राफ्ट फेअर’ सुरू झाली. आपल्या वस्तूंना साजेशी जत्रा सापडत नाही म्हणून स्यू ब्लॅट आणि कॅथलीन हॅब्ली या दोन मैत्रिणींनी विकर पार्क भागात स्वतःचीच जत्रा भरवली. प्रवेश मोफत ठेवला. दोन वर्षांत ती न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पोहोचली. तिथे मॅकॅरन पार्कच्या बंद पडलेल्या, पाणी आटलेल्या प्रचंड जलतरण तलावात गाळे मांडले गेले. पुढे सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, ऑस्टिन अशी शहरे जोडली गेली. बॉस्टनची ‘बझार बिझार’ २००१ मधली, म्हणजे रेनिगेडच्याही आधीची. सिएटलची ‘अर्बन क्राफ्ट अपरायझिंग’ २००५ ची. या जत्रा एकमेकींच्या शाखा नव्हत्या. सारख्याच गरजेपोटी, ठिकठिकाणच्या मित्रमंडळींनी आपापल्या शहरात त्या उभ्या केल्या. फेथ लेव्हिन या कलावतीने देशभर फिरून या माणसांचे चित्रण केले. त्यातून २००९ मध्ये ‘हँडमेड नेशन’ हा माहितीपट तयार झाला आणि या विखुरलेल्या मंडळींना आपण एका चळवळीचा भाग आहोत याचे भान आले.

जत्रेत गाळा मिळवणे सोपे नाही. नाताळच्या जत्रेचे अर्ज उन्हाळ्यातच भरावे लागतात. अर्जासोबत वस्तूंची चार-पाच छायाचित्रे आणि मांडलेल्या गाळ्याचे एक छायाचित्र पाठवायचे असते. अर्जाचे शुल्क वेगळे, आणि निवड झाली नाही तरी ते परत मिळत नाही. निवड समितीवर कारागीर, दुकानदार आणि आयोजक असतात. कामाचा दर्जा ते पाहतातच, पण समतोलही पाहतात. दागिने घडवणाऱ्यांचे अर्ज नेहमीच ढिगाने येतात, कारण दागिन्यांना कच्चा माल थोडा लागतो, जागा थोडी लागते आणि सारा माल एका पेटीत मावतो. त्यामुळे उत्तम सोनाराला नकार मिळतो आणि मध्यम प्रतीच्या टोपलीवाल्याला गाळा मिळतो, असेही घडते. नाकारलेल्या कारागिराच्या हाती कारण पडत नाही. या व्यवस्थेतील ही सर्वांत बोचणारी बाजू आहे. वर्षभराच्या कामाचा निकाल पाच छायाचित्रांवर लागतो, आणि छायाचित्र चांगले काढणे ही कुंभारकामापेक्षा निराळीच विद्या आहे.

उघड्यावरच्या जत्रेत गाळ्याची सर्वमान्य जागा दहा फूट बाय दहा फूट. तंबू, टेबले, फळ्या, दिवे, आरसा, सारे कारागिराने आणायचे. पहाटे गाडी लावायची, दोन-तीन तासांत मांडामांड करायची आणि संध्याकाळी तितक्याच घाईने आवरायचे. तंबूचा खरा शत्रू वारा. चारही पायांना वाळूच्या पिशव्या किंवा लोखंडी वजने बांधण्याची सक्ती असते, कारण उडालेला एक तंबू शेजारच्या काचकामाचे वर्षभराचे कष्ट क्षणात मातीमोल करतो. छपराखालच्या जत्रेत वारा नसतो, पण तिथे अग्निशमन विभागाचे नियम येतात आणि टेबलावरचे कापडसुद्धा आग न धरणारे आहे का, हे पाहिले जाते.

पैशांचे गणित कारागीर स्वतःच मांडतो, आणि बहुतेकदा तिथेच चुकतो. उदाहरणादाखल एक मग घ्यावा. माती चाकावर चढवून भांडे ओढायचे, दुसऱ्या दिवशी ते थोडे आवळल्यावर बूड तासायचे, कान जोडायचा आणि सावकाश वाळवायचे. मग सुमारे हजार अंश सेल्सिअसला पहिली भाजणी, त्यानंतर काचेसारख्या झिलईचा थर आणि बाराशे अंशांच्या वर दुसरी भाजणी. प्रत्येक टप्प्यावर काही मग तडकतात, काहींचे कान सुटतात, काहींची झिलई ओघळून भट्टीच्या फळीला चिकटते. असा मग जत्रेत ३६ डॉलरला विकला, आणि माती, झिलई, भाजणी, वेष्टन व फुटतूट मिळून ८ डॉलर व कार्डाने पैसे घेण्याचा १ डॉलर वजा केला, तर २७ डॉलर उरतात. आता गाळ्याचे भाडे ४५० डॉलर, प्रवास व मुक्काम २५० आणि अर्ज ३५ असे ७३५ डॉलर धरले, तर अठ्ठाविसावा मग विकला जाईपर्यंत कारागिराच्या श्रमाला एक पैही मिळालेली नसते. मोठ्या शहरांतील नामांकित जत्रांचे भाडे याहून पुष्कळ अधिक, हजार डॉलरच्या पुढेही जाते.

तोच मग दुकानदाराला घाऊक दिला तर निम्मी किंमत हाती येते, म्हणजे १८ डॉलर. त्यातून ८ गेले की १० उरतात. पण तिथे भाडे नाही, प्रवास नाही, रिकामे गेलेले दोन दिवस नाहीत. म्हणून जाणता कारागीर किंमत ठरवताना कच्चा माल, श्रम, भट्टी व जागेचा खर्च आणि नफा यांची बेरीज करून आधी घाऊक भाव काढतो आणि त्याच्या दुप्पट किरकोळ भाव लावतो. नवखे कारागीर याच्या उलट करतात. मातीचा खर्च तेवढा मोजतात, स्वतःचे तास मोजत नाहीत आणि १५ डॉलरला मग विकून टाकतात. त्यांचा गाळा दुपारीच रिकामा होतो आणि तरीही महिनाअखेर हातात काही नसते. शेजारच्या गाळ्यावर योग्य भाव लावणाऱ्यालाही त्याचा फटका बसतो, कारण गिऱ्हाइकाच्या मनात मगाचा भाव १५ डॉलर असाच बसतो.

जत्रेची कमाई केवळ त्या दोन दिवसांच्या गल्ल्यात मोजता येत नाही. गिऱ्हाईक मग उचलून त्याचे वजन पाहते, कानात बोटे घालून पाहते, आणि कारागीर ते पाहत असतो. कोणता आकार हाताला बरा वाटतो, कोणता रंग लोकांना थांबवतो, हे त्याला तिथे कळते तसे भट्टीपाशी कळत नाही. दुकानांचे खरेदीदारही गर्दीत फिरत असतात. डिसेंबरमधील एका जत्रेतून पुढच्या वर्षभराच्या घाऊक मागण्या मिळाल्या, असे अनेक कारागिरांच्या बाबतीत घडले आहे.

एके काळी गिऱ्हाईक हातचे सुटण्याचे मोठे कारण रोख पैशांचा अभाव हे होते. लोक कार्डे बाळगत, आणि एकट्या कारागिराला बँका कार्ड स्वीकारण्याची सोय सहजासहजी देत नसत. सेंट लुइसमधील जिम मॅकेल्व्ही हे काच फुंकणारे कारागीर. २००९ मध्ये त्यांनी घडवलेल्या काचेच्या एका नळाचा सौदा केवळ गिऱ्हाइकाचे कार्ड घेता न आल्याने फिसकटला. ही अडचण त्यांनी जॅक डॉर्सी या आपल्या जुन्या परिचिताला सांगितली आणि दोघांनी मिळून ‘स्क्वेअर’ कंपनी काढली. मोबाइलच्या हेडफोनच्या भोकात बसणारा, कार्ड वाचणारा तिचा छोटा पांढरा चौकोन थोड्याच काळात देशभरच्या जत्रांत दिसू लागला. पैसे देण्याघेण्याच्या या जगभर पसरलेल्या उद्योगाची सुरुवात एका काचकाम्याच्या बुडालेल्या विक्रीतून झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जत्रेतील जुन्या वस्तूंचे गाळे हे स्वतंत्र शास्त्र आहे. अमेरिकेच्या सीमाशुल्क नियमांनुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ती पुराणवस्तू. ‘व्हिंटेज’ या शब्दाला अशी कायदेशीर व्याख्या नाही, पण हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात रूढ झालेली किमान वीस वर्षांची अट बऱ्याच जत्रांनीही मान्य केली आहे. विक्रेते या वस्तू मिळवतात त्या मृत व्यक्तीच्या घरातील सामानाच्या विक्रीतून, धर्मादाय दुकानांतून आणि मोठ्या जुन्या बाजारांतून. मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफील्ड या छोट्या गावी १९५९ पासून भरणारा बाजार यांत विशेष प्रसिद्ध आहे. मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा तो भरतो आणि गावाच्या रस्त्यालगतची शेतेच्या शेते गाळ्यांनी व्यापतो.

वस्तूचे वय ओळखणे हे या विक्रेत्याचे खरे कौशल्य. लिव्हायसच्या जीन्सवरील लाल पट्टीवर कंपनीच्या नावातील ‘ई’ मोठ्या लिपीत असेल, तर ती १९७१ पूर्वीची मानतात. कपडा कसा धुवावा हे सांगणारी चिठ्ठी अमेरिकेत १९७२ पासून सक्तीची झाली. ती मुळातच नसेल तर कपडा त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी. बायकांच्या तयार कपड्यांच्या आत शिलाई कामगारांच्या संघटनेची चिठ्ठी असते आणि तिची रचना ठरावीक वर्षांनी बदलत गेली, त्यामुळे जाणकार तिच्यावरून दशक सांगतो. धातूची चेन आणि हाताने टाचलेली किनार हीही साक्ष देतात. बेकलाइट या जुन्या प्लॅस्टिकच्या बांगडीवर अंगठा जोराने घासून गरम केला तर फॉर्मलिनसारखा उग्र वास येतो. साध्या प्लॅस्टिकला तो येत नाही. पायरेक्सच्या पिवळ्या, हिरव्या, लाल आणि निळ्या अशा चार काचेच्या वाडग्यांचा संच १९४५ मध्ये बाजारात आला. आज तो पूर्ण, न घासलेल्या रंगांत मिळाला तर विक्रेता मधोमध मांडतो.

गोधड्यांची गोष्ट सर्वांत हृद्य. पीठ आणि कोंबड्यांचे खाद्य सुती पोत्यांतून येत असे आणि गरीब घरांतील बायका त्या पोत्यांचे कपडे शिवत. हे ध्यानात आल्यावर कंपन्यांनी पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. मंदीच्या काळात अशा पोत्यांचे झगे सर्रास वापरात होते, आणि त्यांचे उरलेले तुकडे गोधड्यांत गेले. असा एखादा तुकडा ओळखून गिऱ्हाइकाला त्याचा इतिहास सांगणारा विक्रेता आणि वाटेल ते जुने सामान पसरून बसणारा यांत मोठा फरक आहे. निवड समित्या नेमका तोच पाहतात.

जुन्या वस्तूंना कायद्याचीही कुंपणे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी बायकांच्या टोप्यांसाठी बगळ्यांसारख्या पक्ष्यांची बेसुमार कत्तल झाली. त्या संतापातून झालेल्या कायद्यांपैकी १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा कायदा आजही लागू आहे. संरक्षित पक्ष्यांची पिसे, टोपी कितीही जुनी असली तरी, त्याखाली विकता येत नाहीत. हस्तिदंताच्या व्यापारावर २०१६ मध्ये देशभर कडक निर्बंध आले. जुने चांदीचे चमचे वाकवून अंगठ्या करणे किंवा टंकलेखन यंत्राच्या कळांचे दागिने घडवणे याला कायद्याची आडकाठी नाही, पण संग्राहक त्यावर नाराज असतात. चालू स्थितीतले यंत्र दागिन्यांसाठी मोडणे हा नाश आहे, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे; गंजून निकामी झालेल्या यंत्राबाबत ते तितकेसे टिकत नाही.

नव्या वस्तूंवर कायद्याचा सर्वांत मोठा आघात झाला तो २००८ मध्ये. आदल्या वर्षी शिशाचा रंग लावलेली लाखो कारखानी खेळणी बाजारातून परत घ्यावी लागली होती. लोकक्षोभानंतर संसदेने लहान मुलांच्या प्रत्येक वस्तूची बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली. हेतू निर्विवाद चांगला होता. पण हजारो खेळण्यांच्या खेपेला जो तपासणीखर्च किरकोळ वाटतो, तो वर्षाला पन्नास लाकडी मोटारी घडवणाऱ्या सुताराला धंद्यातून उठवणारा होता. संकट कारखान्यांनी आणले आणि भरपाई सुतार, शिवणकाम करणाऱ्या बायका यांच्याकडून मागितली गेली. या लोकांनी ‘हँडमेड टॉय अलायन्स’ ही संघटना उभारली आणि अखेर २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. एकाच वस्तूचे वर्षाला ७,५०० पेक्षा अधिक नग न बनवणाऱ्या आणि दहा लाख डॉलरच्या आत उलाढाल असणाऱ्या छोट्या उत्पादकांना नोंदणी करून काही तपासण्यांतून सूट मिळू लागली. शिशाच्या रंगासारख्या गंभीर बाबींत मात्र त्यांनाही सूट नाही, आणि ती नसावीच.

जत्रा हंगामी, पण पोट बारमाही. मधल्या महिन्यांत विकायचे कुठे, याचे उत्तर जून २००५ मध्ये ब्रुकलिनमधून सुरू झालेल्या ‘एट्सी’ या ऑनलाइन बाजाराने दिले. एका वस्तूची नोंद करायला वीस सेंट. हाताने घडवलेल्या वस्तू, व्हिंटेज वस्तू आणि हस्तकलेचे साहित्य एवढेच तिथे चाले. सुरुवातीच्या काळात जत्रेतले गाळेवाले आणि एट्सीवरचे विक्रेते ही जवळजवळ एकच मंडळी होती. जत्रेत भेटलेले गिऱ्हाईक पुढे तिथे मागणी नोंदवी आणि तिथली ओळख पुढच्या जत्रेत प्रत्यक्ष भेटीत बदले.

पण ज्याचा माल खपू लागला त्याच्यापुढे पेच उभा राहिला. दोन हातांनी महिन्याला ठरावीकच मग होतात. मागणी त्याच्या दहापट आली तर मदतनीस ठेवावेत का? साचे वापरावेत का? रचना आपली आणि घडण कारखान्याची, असे चालेल का? एट्सीने ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेरच्या उत्पादकाकडून वस्तू करून घेण्यास परवानगी दिली. वाढलेल्या विक्रेत्यांना ती हवी होती. अनेक जुन्या विक्रेत्यांना मात्र तो विश्वासघात वाटला, कारण त्यांच्या हाताने शिवलेल्या पिशवीशेजारी आता कारखान्यातून आलेली पिशवी त्याच नावाखाली, निम्म्या किमतीत दिसू लागली. एप्रिल २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. एप्रिल २०२२ मध्ये तिने विक्रीवरील आपला वाटा पाचवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवली.

या घडामोडींनी जत्रेचे मोल वाढवले. पडद्यावर कोण काय बनवतो हे कळणे कठीण झाले, तसतसा गाळ्यावर उभा असलेला, बोटांना माती लागलेला माणूस हाच पुरावा ठरू लागला. निवड समित्याही सावध झाल्या आहेत. तयार वस्तूच्या छायाचित्राबरोबर कामाच्या जागेचे आणि अर्धवट झालेल्या वस्तूचे छायाचित्र मागण्याची रीत रुजत आहे. मदतनीस चालतो की नाही, तयार मणी ओवले तर ते घडवणे का, दुसऱ्याने शिवलेल्या टी-शर्टवर स्वतः छापले तर वस्तू कोणाची, यांवर प्रत्येक जत्रेचे नियम वेगळे आहेत. छापलेल्या टी-शर्टला बहुतेक ठिकाणी मान्यता आहे. घाऊकात आणलेल्या आयात मालाला जवळजवळ कुठेच नाही.

भारतीय वाचकाने इथे थोडे थांबायला हवे. भारतात कारागिरी बहुतांशी घराण्याची आणि गावाची आहे. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना मिळून दिलेले आहे. तिथे प्रश्न ‘कुठली?’ असा विचारला जातो. अमेरिकी जत्रेत प्रश्न ‘कोणी?’ असा असतो. अपवाद अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या कलेचा. सँटा फे येथे १९२२ पासून भरणाऱ्या त्यांच्या बाजारात कारागिराचे जमातीशी असलेले नाते सिद्ध व्हावे लागते, आणि खोटेपणाने तसे भासवून माल विकणाऱ्याला १९९० च्या कायद्याने अडीच लाख डॉलरपर्यंत दंड व पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

या ‘कोणी?’ची दुसरी बाजूही आहे. बंगालमधील जुन्या साड्यांची कांथा गोधडी किंवा राजस्थानातील ठशांनी छापलेले कापड हे हातचेच काम. तरीही जत्रेच्या नियमात ते आयात माल ठरते, कारण टाके घालणारी बाई शिकागोच्या गाळ्यावर उभी राहू शकत नाही. नियम खोट्या मालाला अडवतो तसा तिलाही अडवतो. यावर एक उत्तर २००४ मध्ये सँटा फे येथेच निघाले. ‘इंटरनॅशनल फोक आर्ट मार्केट’ या जुलैमधील बाजारात जगभरचे लोककारागीर स्वतः येऊन विकतात. कच्छचे अजरख छापणारे आणि बांधणी करणारे कारागीर तिथे गेलेले आहेत आणि आपला माल त्यांनी आपल्या नावाने, मधल्या व्यापाऱ्याशिवाय विकला आहे.

एकट्याच्या या धंद्याला आधाराची भिंत नाही. पगारी रजा नाही. बोट कापले तर हंगाम गेला. २०२० मध्ये साथीमुळे जत्रा ओळीने रद्द झाल्या, तेव्हा आधीच घडवून ठेवलेला माल घरात पडून राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने उत्तर कॅरोलायनातील अॅशव्हिल शहराचा नदीकाठचा कलाकारांचा भाग पुराखाली गेला आणि कित्येकांच्या भट्ट्या, माग, अवजारे वाहून गेली. जत्रेतल्या मंडळींनी अशा प्रसंगांसाठी स्वतःची सोय फार पूर्वी केलेली आहे. कोणाची कार्यशाळा जळाली की जत्रेत गाळ्यागाळ्यांतून टोपी फिरवायची आणि जमेल ते पैसे गोळा करून पाठवायचे, ही त्यांची प्रथा होती. तिलाच १९८५ मध्ये संस्थेचे रूप मिळाले. व्हरमाँटमधील हा निधी आज ‘सर्फ प्लस’ या नावाने ओळखला जातो. आपत्तीत सापडलेल्या कारागिरांना तो परतफेडीची अट नसलेली मदत देतो, आणि एरवीच्या दिवसांत भट्टीचा विमा कसा उतरवावा, अवजारांची यादी व छायाचित्रे कशी जपून ठेवावीत, हे शिकवतो.